लोटनभाऊंचे कान

लोटनभाऊ ज्याच्यासमोर उभे राहत त्याच्यासमोर नाक दाबत. धानोऱ्याच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी नमस्कार केला आणि लगेच नाक चिमटीत धरलं. मी गुपचूप स्वतःचा सदरा हुंगून पाहिला. त्यांनी तोंड मिटूनच आतल्या आत हवा ढकलली, मान हलवली आणि विचारलं, "गुरुजी, तुम्हना कान उघडतस का?"

विहिरीत पडलेली भांडी बुडी मारून काढणं हा त्यांचा छंद. पोटाला थोडी शेती होती. खोल पाण्यात कान ठणकतात. नाक दाबून हळूच आतून हवा ढकलली की कान टक्कन उघडतो, ही विद्या त्यांनी सुरतेकडे मजुरीला असताना एका खलाशाकडून उचललेली. सराव मात्र दिवसभर. विसरवाडीला एका लग्नात भाजी वाढली जात असतानाच त्यांनी नाक दाबलं. मुलीचा बाप पळी घेऊन अंगावर आला. "भाजी चांगली शे हो, मी कान उघडी ऱ्हायनू," हे सांगेपर्यंत अर्धी पंगत आपापली पत्रावळ हुंगत होती.

सर्दी त्यांची वैरीण. केळीच्या गावात राहून केळं खात नसत, भर वैशाखात कानांना मफलर. एका जागी बूड टेकेल तर शपथ! माझ्या ओट्यावर बसले की उठत, समोरच्या गावविहिरीपर्यंत जात, वाकून बघत, परत येत. मला वैताग यायचा. शेवटी विचारलंच, काय आहे त्या विहिरीत?

त्यांच्या बायकोची कळशी होती. माहेरची, लग्नाच्या पहिल्याच वर्षी हातून निसटलेली. लोटनभाऊंनी तेव्हाच बुडी मारली, पण दोन पुरुष खोलीवर कान असह्य झाले आणि ते रिकाम्या हातांनी वर आले. बाई पुढे तापात गेली. कळशी तळालाच राहिली; पुढे विद्या आली, तरी या विहिरीच्या तळापर्यंत कान कधी पोचू देईनात.

त्या उन्हाळ्यात पंचायतीने ठरवलं, सोमवारी इंजिन लावून विहीर उपसायची. मी म्हटलं, "सुटलात लोटनभाऊ! कळशी आपोआप मिळेल."

"इंजीननी काढी ते काय कामनी?" ते भडकले. "मी तिले सांगेल शे, मी काढसू."

आणि नेमकी शनिवारी त्यांना सर्दी झाली. नाक दाबून दाबून लाल झालं, कान काही उघडेनात. मी हातापाया पडलो, तरी रविवारी सकाळी ते उतरलेच. दोन बुड्या फुकट गेल्या. तिसरीला इतका वेळ लागला, की मी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात आधी कळशी वर आली, मागून ते. दोन्ही कानांतून रक्त येत होतं.

पायरीवर बसून त्यांनी अंगठ्याने गाळ पुसला. गळ्यापाशी नाव कोरलेलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाचा गुरुजी."

मी वाचलं.

"जोरमा वाचा."

मी ओरडून वाचलं. ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

गावात नवरा बायकोचं नाव घेत नाही. सगळा संसार लोटनभाऊंनी "ऐकस का" एवढ्या हाकेवर केला होता. आता त्यांनी कळशी छातीशी धरली आणि विचारलं, "जमना शे ना? जमनाच शे ना?" स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून इतक्या मोठ्याने, की पाण्याला आलेल्या बायका जागीच थबकल्या.

मी मान डोलावली.