दार धरण्याचं शास्त्र

आमच्या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. ही बाब दोन वर्षांपासून 'किरकोळ दुरुस्ती' या सदरात सुरक्षित आहे. तोवर आमची रीत ठरलेली: एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं, तिसरीनं लांबूनच पोरांना हाकलायचं. आठवीतल्या दीपमालाला मात्र तेवढाही भरवसा नाही. ती शाळेत पाणीच पीत नाही. गेल्या महिन्यात परिपाठाला चक्कर येऊन पडली, तेव्हा मी अर्ज दिला. मी दहावीची मॉनिटर, अर्ज लिहायला मला कुणी शिकवायला नको. एक कडी हवी, एवढाच मजकूर.

मुख्याध्यापक रामप्रसाद सर गंभीर झाले. "कडी म्हंजे नुसते चार स्क्रू न्हाईत, बाळा. आता प्रत्येक गोष्टीचा तज्ज्ञ असतोय. मी वर कळवतो."

वर कळवलेलं एका संशोधन संस्थेत पोचलं आणि डॉ. ज्योत्स्ना मॅडम गाडीतून उतरल्या. विषय: द्वार-समाजशास्त्र. देशात या विषयाचे तिघेच तज्ज्ञ, त्यातले दोघं अलीकडे खिडक्यांकडे वळलेत. दार धरून उभी असलेली मुलगी पाहून मॅडमचे डोळे भरून आले.

"किती सुंदर परस्परविश्वास! ही परंपरा कधीपासूनची?"

"कडी तुटली तेव्हापासूनची, मॅडम."

त्यांनी वहीत 'प्राचीन असावी' असं लिहिलं.

त्यांच्या मागोमाग सुमित सर आले. विषय: संगणकीय प्रतीक्षाशास्त्र. त्यांनी आमच्या मनगटांना पट्टे बांधले. कोण किती वेळ दार धरतं, किती जोरानं, कोण दिवसातून कितीदा आत जातं, सगळं लॅपटॉपवर. दीपमालाच्या नावापुढे शून्य आलं. सरांनी तिचं अभिनंदन केलं.

"जलसंयमाचा आदर्श नमुना आहेस तू."

"सर, मला तहान लागून राह्यली."

"बिलकुल हलू नको. नोंद बिघडते."

मंग मी पुन्हा कडीचं विचारलं. मॅडम म्हणाल्या, कडी लावली तर मुली एकमेकींपासून तुटतील; निदान तीन वर्षं नको. सुमित सर म्हणाले, कडी हा त्यांचा प्रांतच नाही. ते सूक्ष्म-बंदिस्ती अभियांत्रिकीत येतं, आणि तो अभ्यासक्रम पुढच्या जूनला सुरू होईल.

शनिवारी मी टेंभुर्णीच्या बाजारातून कडी आणली, स्क्रू पिळायला घरून पप्पांचा पेचकस घेतला. दहा मिनिटांचं काम. दीपमाला आत गेली, कडी लावली, उघडली, परत लावली. आतून म्हणाली, "ताई, तू जा आता."

सोमवारी सगळे कडीभोवती जमले. मी बोलणी खायच्या तयारीत होते. पण मॅडमनी माझा हात हातात घेतला.

"ही तर नवी शाखा! किशोरी-स्वयंदुरुस्ती अभ्यास!"

"पण बसवतानाची नोंद कुठंय?" सुमित सर म्हणाले.

नोंद नव्हती. म्हणून रामप्रसाद सरांनी रीतसर पत्र काढून कडी उतरवली. ती आता सीलबंद पाकिटात आहे. नोंदीसाठी नेमलेल्या समितीनं तारीख दिली की आम्ही ती कॅमेऱ्यासमोर पुन्हा बसवायची, चेहऱ्यावर पहिल्या वेळचाच उत्साह ठेवून.

इथवर वाचताना तुम्ही दोन-तीनदा हसला असाल. कुठे हसलात, तेही बराबर सांगाल. कडी उतरवल्यावर दीपमाला पाणी प्यायली का, हे मात्र तुम्हीही विचारलं नाही.

तुमचा विषय कोणता?