नऊ डब्या, एक खानदान

‘सोलापुरातले एकमेव शास्त्रीय गुप्तहेर. नजरेतून जंतूही सुटत नाही.’ शिवलिंगप्पांनी स्वखर्चानं छापलेल्या कार्डावर हे ठळक अक्षरांत होतं. जंतू सुटतात, हे त्यांची भाची शिवलीला रोज पाहायची. ती प्रयोगशाळेत कामाला होती.

प्रकरण नवी पेठेतल्या अक्कम्माच्या खानावळीचं. माडीवर राहणाऱ्या बसूचं पोट महिनाभर बिघडलेलं, म्हणून आरोग्य खात्यानं तिथं राहणाऱ्या नऊही जणांच्या शौचाचे नमुने मागवले. नऊही डब्यांत आतड्यातला एकच परजीवी निघाला. जनुकं जुळवून पाहिली, तर नऊही सख्खे. एवढे सख्खे म्हणजे एकाच जागेतून आलेले, बहुधा अक्कम्माच्या टाकीतून. सोमवारी खानावळीला टाळं लागणार होतं.

“म्हणजे भावकी निघाली,” शिवलिंगप्पा म्हणाले.

“जंतूंची, मामा. माणसांची नव्हे.”

“घराण्याशिवाय जंतू येतो कुठून?”

मामांनी कॅलेंडरच्या पाठीवर नऊ जणांची वंशावळ मांडली. प्रत्येकाचं आजोळ विचारलं. दोघे करकंबचे निघाले, तेव्हा ते अर्थपूर्ण खाकरले. एक रेल्वेमार्गावरच्या जेऊरचा होता. ‘सूत्रधार रेल्वेनं आला,’ अशी नोंद झाली. मग संशय शेंगाचटणीवर गेला. दोन वाट्या चटणी स्वतः खाऊन त्यांनी तिला निर्दोष सोडलं आणि दह्याची चौकशी आरंभली.

अक्कम्मा भाकरी थापत होती. “अण्णा, एक सांगा. डब्या द्यायच्या त्या दिवशी नळाला पाणी न्हवतं. घरात एकच बादली हुती, ती बसूनं नेली. मग बाकीचे आठ गेले कुटं?”

आठ जण एकदम ताटात पाहू लागले.

बसू कापड दुकानातला चाळिशीचा कारकून. तो संकोचून म्हणाला, “मीच म्हनलं, तुमी कशाला तरास घेता? आपल्याकडं काय कमी हाय? दिल्या की सगळ्यांच्या भरून.”

शिवलीलानं पाटावर बसकण मारली. “तीन आठवडे मी बसूकाकांशी बसूकाकाच जुळवत होते.”

“त्यांचं नाव मी वंशावळीत सर्वात वर घातलंय, बघ,” मामा म्हणाले.

शनिवारी अक्कम्मानं टँकर मागवला, आठ बादल्या भरल्या आणि लाटणं घेऊन संडासाबाहेर स्वतः उभी राहिली. आठही नव्या डब्या स्वच्छ निघाल्या. टाळं टळलं.

बसूला पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्या त्यानं एकट्यानंच खायच्या, कुणाला वाटायच्या नाहीत, असं अक्कम्मानं त्याला दोनदा बजावलं.