डोळे मिटून पक्षी बघणारे गायकवाडसाहेब

पक्षी बघायला जाणारी माणसं दुर्बीण घेऊन जातात. आमचे गायकवाडसाहेब बागेत येतात, बाकावर बसतात आणि डोळे मिटून घेतात.

पहिल्यांदा मला वाटलं, यांना चक्करच आली. पाण्याची बाटली घेऊन धावले, तर डोळे न उघडता म्हणाले, "ताई, जरा सरका. तुमच्या मागे शिंजीर बोलतोय." माझी शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला अंबरनाथ पूर्वेच्या या बागेत चालायला पिटाळलं होतं. चालण्याचा मला मनापासून कंटाळा. त्यामुळे बाकावर बसून पक्षी ऐकणं हे निमित्त मला फारच सोयीचं पडलं.

साहेब आमच्याच बिल्डिंगमधले, तळमजल्यावरचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपचे फोरमन होते. पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात हयात गेली आणि रिटायर झाल्यावर हा नाद लागला. नजर उत्तम आहे, पण त्यांचं म्हणणं, "बघतो कोणीही हो. ऐकायला माणूस लागतो." रविवारी बदलापूरहून हातभर लांब कॅमेरे घेऊन पोरं येतात. स्लिपर घालून मशिनवर उभ्या राहिलेल्या पोरांकडे बघावं तसे साहेब त्यांच्याकडे बघतात.

पक्ष्यांनाही त्यांनी कामाला लावलंय. पावसाळ्यात भारद्वाज घुमला की सिक्युरिटी आली. हिवाळ्यात जॉगिंग ट्रॅकवर शेपटी नाचवत फिरणारे धोबी पक्षी कॉन्ट्रॅक्टवरचे, कारण ऊन तापलं की पसार. कोकीळ म्हणजे युनियन लीडर. पहाटेपासून नुसती बोंब, घरची अंडीसुद्धा कावळ्याकडून उबवून घेणार. तांबटाची गोष्ट निघाली की मात्र साहेबांचा आवाज मऊ व्हायचा. तांबट म्हणजे चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ तांबडं. थंडी सरत आली की उंच फांदीवर बसतो आणि भांडं ठोकल्यासारखा टुक टुक टुक करत राहतो, तासन्‌तास. "आमच्या शॉपचा माणूस," साहेब सांगायचे.

साहेबांच्या मिसेस गेल्या, मुलगा पुण्याला. एवढ्या सुन्या घरात कसं राहता, टीव्ही तरी लावत जा, असं मी एकदा सुनावलं. तर म्हणाले, "टीव्ही नुसता बोलतो हो. तांबट खिडकीबाहेर ठोकायला लागला की वाटतं, घरात कुणीतरी काम करतंय." मी उठून एक फेरी मारून आले.

गेल्या वर्षी त्यांची कुरकुर सुरू झाली. शिंजीर यायचे बंद झाले म्हणे. मग शिंपी पक्षीही बंद झाला. शेजारच्या पालेगावात टॉवर उठले, झाडं गेली, पाखरांनी थांबायचं कुठे, असं त्यांचं सुरू झालं. फुलांवर भिरभिरणारे ते इवलेसे शिंजीर मला तर रोज दिसत होते. पण माझं ज्ञान कावळ्या-कबुतरापुरतं, मी कशाला तोंड उघडू? शिवाय गप्पांत बोलायचे सगळे तेच, आमचं ऐकून घ्यायची पाळी त्यांच्यावर फारशी यायचीच नाही.

यंदा होळी आली तरी तांबट आला नाही. साहेब कासावीस. रोज नवा संशय, आणि शेवटी सगळं खापर बागेतल्या लाफ्टर क्लबवर फुटलं. क्लबचे प्रमुख लछुभाई, जवळच्या कॅम्प तीन भागात यांचा जीन्स शिवायचा कारखाना. ते हसले की गेटबाहेरचे शेअर रिक्षावाले आत डोकावतात. तुमच्या हसण्यानेच माझा पक्षी पळाला, असं साहेबांनी त्यांना तोंडावर सांगितलं. लछुभाई म्हणाले, दिवसभर मशिनीची कटकट ऐकतो, सकाळी तरी हसू द्या की! आठवडाभर हे जुंपलं होतं. मग एके दिवशी साहेबांनी चक्क हात जोडले. फोरमन माणसाचे जोडलेले हात बघून लछुभाई विरघळले. "ठीक आहे, साई," ते सिंधी अदबीने म्हणाले. "कल से आवाज बंद."

दुसऱ्या दिवसापासून क्लब मुक्याने हसू लागला. सगळे गोल उभे, हात आकाशात, तोंडं वासलेली, पोटं गदगदतायत आणि आवाज अजिबात नाही. नव्याने फिरायला आलेल्या एक बाई गेटातूनच परत फिरल्या. मला इतकं हसू यायचं की ओढणी तोंडात कोंबून बसावं लागायचं.

आणि एका सकाळी, अशी सगळी बाग चिडीचूप असताना, आमच्या डोक्यावरच्या उंबरातून आवाज आला. टुक टुक टुक टुक. क्लबचे हात वरच राहिले. सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. मी तर आनंदाने ओरडणारच होते.

साहेब डोळे मिटून, मान पुढे काढून बसले होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "आजही नाही ना, ताई?"

वर तो ठोकतोय आणि इथे हे विचारतायत. मी नुसतं बोट वर केलं. साहेबांनी बघितलं. निष्पर्ण फांदीवर हिरवा पक्षी बसला होता, मान इकडून तिकडे वळत होती, गळा फुगत होता. ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे शिंजीरपण येत होते," ते म्हणाले.

मला रडूच फुटलं. एवढे दिवस शेजारी बसून मला एवढंसुद्धा कळू नये!

लछुभाई वर्तुळ सोडून आले आणि साहेबांना खेटून बसले. साहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि एका बोटाने ठोकायला सुरुवात केली. टुक टुक टुक टुक.

साहेब खाली बघत होते. थोड्या वेळाने, पूर्वी शॉपमध्ये बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "हळू. एवढी घाई नसते त्याला."

लछुभाईंनी मान वर करून नीट ऐकलं आणि बोट संथ केलं.

साहेबांनी डोळे मिटले. "हां," ते म्हणाले. "आता आला."