साठ वर्षांचा आलेख आणि मोहरीची चटणी

सभा सुरू होण्याआधी उर्सुला मेरियानने जेवणातल्या सॉसेजबरोबर खायला प्रत्येक टेबलावर मोहरीच्या चटणीची एकेक बरणी ठेवली. बाझलहून, स्वतःच्या खर्चाने आणवलेली. सेंट गॅलनच्या या कशिद्याच्या कंपनीत हिशेबप्रमुख होऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते आणि भागधारकांना खूश करणं भाग होतं. कंपनी झुरिकच्या लांडोल्टसाहेबांना विकायची की नाही, यावर आज मतदान होतं. विकली, तर हिशेबाचं काम झुरिकला जाणार आणि उर्सुला घरी.

पहिल्या टेबलाशी ग्मूरआजी बसल्या. सगळ्यात जास्त शेअर त्यांच्याकडे. त्यांनी बरणीकडे पाहिलं आणि शेजारच्या वाइलेनमनकाकांना कोपराने ढोसलं.

"हे काय?"

"मोहरी."

"दिसतंय मला. इथे काय करतेय?"

"सॉसेज उतरलं असेल. चव झाकायला ठेवली असेल."

"माझ्या भाच्याने केलंय ते सॉसेज!"

पडद्यावर उर्सुलाचा आलेख उजळला. देशाच्या शेअर बाजाराची साठ वर्षं. तेलाच्या टंचाईत बसलेला फटका, सत्त्याऐंशी सालची आपटी, पुढे बँका गडगडल्या तेव्हाची घसरण. आणि दर खड्ड्यानंतर पुन्हा वर चढलेली रेघ. "ज्यांनी घाबरून विकलं त्यांचं नुकसान झालं," ती म्हणाली, "जे थांबले ते तरले."

सभागृहात कुजबुज वाढली. टेबलांवरून माना एकमेकींकडे झुकल्या. इतक्या आस्थेने ऐकणारे लोक उर्सुलाने कधी पाहिले नव्हते. तिला हुरूप आला आणि तिने प्रत्येक खड्डा खोलात जाऊन समजावला. सरासरी काढण्याच्या दोन पद्धतींतला फरकही सांगितला. शेवटी शेगडीवरचा माणूस दारातून ओरडला, "अहो, सॉसेज फुटायला लागलीत!"

"आधी जेवण, मग मतदान," अध्यक्ष आयझेनरिंग म्हणाले आणि उर्सुलाला बाजूला घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. "मेरियानबाई, या बरण्या कुणाच्या?"

"माझ्या. सॉसेजबरोबर..."

"आमच्या सॉसेजबरोबर? अहो, मोहरी लागते ती फसलेल्या सॉसेजला! यावरून इथे ठरलेली लग्नं मोडलीत."

"मग ते सगळे मघापासून..."

"मोहरीबद्दलच बोलत होते. आलेख कुणी बघितला असेल तर मी बघितला, आणि मीही अर्धाच."

उर्सुला टेबलामागून टेबल फिरत बरण्या उचलू लागली. सगळ्या गोळा झाल्या, पाहुण्यांच्या टेबलावरची तेवढी राहिली. ती लांडोल्टसाहेबांच्या हातात होती.

"वा! याचीच उणीव होती," म्हणत त्यांनी सॉसेजवर भला मोठा चमचाभर मोहरी थापली. सभागृहात पाव मोडल्याचाही आवाज येईना. साहेबांनी मोठ्या मनाने सगळ्यांकडे पाहिलं. "सॉसेज छान आहे हं तुमचं. नुसतं खाल्लं तर जरा मिळमिळीत लागतं, इतकंच."

ग्मूरआजी सावकाश उठल्या. "म्हणजे बरण्या यांच्या! अजून कंपनी घेतली नाही, तोवर मोहरी आली. घेतल्यावर काय काय येईल?"

उर्सुलाला चुकीची नोंद तशीच सोडून देता येत नसे. "आजी, खरं म्हणजे त्या..."

आयझेनरिंगसाहेबांनी तिच्या हातात सॉसेज कोंबलं. "खा. कोरडंच. आणि तोंड भरलेलं असताना बोलू नका."

मतदान झालं. विक्रीच्या बाजूने फक्त वाइलेनमनकाकांचा हात वर गेला, तोही आजींनी खाली ओढला.

जाताना लांडोल्टसाहेबांनी उर्सुलाशी हस्तांदोलन केलं. त्यांच्या हनुवटीवर अजून पिवळा ठिपका होता. "हरवलंत मला, बाई. एवढा चांगला भाव दिला, पण तुमच्या त्या आलेखाने लोकांना थांबायला शिकवलं. मी काही असं सोडणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा येईन. प्रामाणिकपणे सांगा, माझं कुठे चुकलं?"

उर्सुलाने मागे पाहिलं. ग्मूरआजी तिच्यासाठी दुसरं सॉसेज घेऊन येत होत्या.

"भाव वाढवत चला," ती म्हणाली. "दरवर्षी थोडा थोडा. दीर्घकाळात फरक पडतो."