प्लॅटिनम आणि शहाण्णव बटणं

सकाळी साडेनऊला वहिनीने गॅलरीचं दार सरकवलं आणि आधी तो वास तिच्या नाकात घुसला. मग बटणं दिसली. दोरीवर ओळीने टांगलेल्या बारा कोटांची सगळी बटणं हिरवी पडली होती. काल संध्याकाळी हीच बटणं पितळेची, लखलखीत होती. एका कोटाला आठ, म्हणजे शहाण्णव. एकही सुटलं नव्हतं.

कोपऱ्यात स्टुलावर काचेची बरणी होती. तिच्यात पिवळसर गढूळ काहीतरी होतं आणि त्यातून निवांत वाफ निघत होती.

"अहो," वहिनी म्हणाली. आवाज इतका गार होता की स्वयंपाकघरात चहा पीत बसलेल्या प्रोफेसरने कप खाली ठेवला.

हा प्रोफेसर कुठे शिकवत नव्हता. फारसा शिकलाही नव्हता. न विचारता समजावून सांगायची खोड होती म्हणून बिल्डिंगने त्याला हे नाव दिलं होतं. मीटर बघायला आलेल्या माणसाला तो मीटर समजावायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याने मालकाला मालकाचाच धंदा समजावला, तेव्हापासून घरी होता. घरी बसून तो मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, आणि त्यातल्या एकात कोणीतरी दाढीवाला माणूस गाडीच्या भंगारातून प्लॅटिनम काढत होता. झालं. गॅरेजवाल्याकडून त्याने सायलेन्सरजवळचा धूर साफ करणारा एक जुना डबा आणला, आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी कुटली आणि दोन तऱ्हेची अॅसिडं एकत्र करून तिच्यावर ओतली.

"दादा, हे काय केलंस?" मागून नणंद आली. ती या घरी रोज शिवणाची काजं करायला यायची आणि भावाला जन्मापासून ओळखत असल्यामुळे त्याच्याबद्दल तिचा काहीही गैरसमज नव्हता.

"काही नाही. ऑक्सिडेशन आहे. नॉर्मल असतं."

"खिडक्या का बंद केल्या?" वहिनीने विचारलं.

"शेजाऱ्यांना वास गेला असता ना. मला लोकांचा विचार करावा लागतो."

म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाईला त्रास नको म्हणून याने सगळी वाफ स्वतःच्या बायकोच्या कोटांसोबत कोंडून ठेवली होती, आणि आपण मात्र आत येऊन चहा पीत बसला होता. एवढी अक्कल कुठून येते हे विचारायला हवं होतं, पण वहिनीला वेळ नव्हता. एका मोठ्या हॉटेलच्या दरवानांचे कोट होते ते. मॅनेजर चार वाजता न्यायला येणार होता. नऊ वर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करत होती, चेन बदलत होती, फाटलेले खिसे शिवत होती. हे पहिलं धड काम मिळालं होतं. हे गेलं की पुन्हा पँटी आखूड करत बसायचं.

बटणांच्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, तसलीच हवी असतील तर आठ दिवस लागतील. नणंदेने पॉलिश लावून एक बटण घासलं. ते थोडं काळं झालं.

"बाजूला व्हा," प्रोफेसर म्हणाला. "ही आम्लाची केस आहे. आम्लाला काय मारतं? अल्कली." आणि बायको नको म्हणेपर्यंत त्याने खायचा सोडा कालवून पहिल्या चार कोटांच्या बटणांना फासलासुद्धा. सोडा पुसला तेव्हा हिरव्यावर तपकिरी डाग आले होते. कडेला पांढरट रेघ उरली.

"मारलं का रे आम्ल?" नणंद म्हणाली.

"रिअॅक्शन अर्धवट राहिली."

"मग आता उरलेल्या आठ कोटांना पण फास."

ती टोमणा मारत होती. पण याने खरंच फासलं, कारण सगळी एकसारखी दिसायला हवीत हे त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर दिवसभरात तो बोललेली तेवढीच एक गोष्ट बरोबर होती.

मग वहिनीने त्याला गॅलरीतून हाकलला. खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला, कोटांना पुन्हा वाफेची इस्त्री मारली. जाड गडद कापड होतं, त्याला काही झालं नव्हतं. वासही गेला. बटणं तेवढी तशीच राहिली.

"वहिनी, कोट उलटे घडी घालून देऊया," नणंद म्हणाली. "घरी नेऊन उघडतील तेव्हा बघतील."

"आणि मग?"

"मग आपण दार उघडायचं नाही."

वहिनीने कोट सरळ टांगले. जे झालं ते तोंडावर सांगायचं, असं तिने ठरवलं. तीन वाजल्यापासून ती मनातल्या मनात वाक्य जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य 'आमच्या यांनी' पाशी येऊन अडकत होतं.

मॅनेजर चारला पाच कमी असताना आला. उंच, बारीक, बुटांना मुंग्यासुद्धा घसरतील अशी चकाकी. त्याने पहिला कोट हातात घेतला. बटणावरून अंगठा फिरवला. दुसरा कोट घेतला.

"साहेब, त्याचं असं झालं," वहिनीने सुरुवात केली, "आमच्या यांनी..."

"ही मिळवलीत कुठून?"

"अं?"

"बाई, आमच्या मालकांना हॉटेल शंभर वर्षं जुनं दिसायला हवंय. बांधून झाली चार वर्षं. गेल्या महिन्यात नव्या खुर्च्यांना साखळीने बडवून घेतलं आम्ही. गालिचे उन्हात वाळवून विटवले. आणि दारात दरवान उभे कसे, तर चकचकीत बटणं लावून. मी बोलायला घाबरत होतो, तुम्ही आपण होऊन केलंत."

चांगल्या खुर्च्या साखळीने बडवणारी माणसं. वहिनीने तोंडावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. नणंद आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"दुसऱ्या शाखेचे तीस कोट हवेत," मॅनेजर म्हणाला. "पुढच्या शनिवारी. बटणं हीच. एक जरी चमकलं तरी मालक परत पाठवतील."

प्रोफेसर एवढा वेळ पडद्यामागे होता. आता बाहेर आला, सोफ्यावर बसला आणि पायावर पाय टाकला. "ही माझी प्रोसेस आहे," तो म्हणाला. "जरा किचकट आहे, पण समजावतो."

त्याने वीस मिनिटं समजावलं. मॅनेजरने मान डोलावली, बारा कोट घेतले आणि गेला.

तीस कोट, दोनशे चाळीस बटणं. जादा पैसे मोजल्यावर दुकानदाराने आठ दिवसांची पितळी बटणं दोन दिवसांत आणून दिली. वहिनी म्हणाली, "परवासारखंच करा. बरणी ठेवा, खिडक्या लावा आणि आत या."

"तो अपघात होता," प्रोफेसर म्हणाला. "आता शास्त्रीय पद्धतीने करायचं. वाफेवर कशाला अवलंबून राहायचं, थेट द्रावात बुडवू. कंट्रोल राहतो."

हातमोजे घालून त्याने वीस बटणं चिमट्याने ताज्या अॅसिडात बुडवली, काढली, धुतली. बटणं अशी चकाकत होती की नणंदेने त्यात बघून टिकली सरळ केली.

"वा रे दादा. दुकानातल्यापेक्षा चांगली निघाली."

"वेळ कमी पडला." त्याने पुन्हा बुडवली. अजून चमकली. तिसऱ्यांदा बुडवली तर त्यांच्याकडे बघवेना.

म्हणजे बघा. जेव्हा काही नासवायचं नव्हतं तेव्हा याने घरातली शहाण्णव बटणं चहा पिता पिता नासवली. आता हात जोडून सांगितलं की बाबा नासव, तर जमेना.

त्यातच मंगळवारी तो सराफाकडे गेला. बरणीतून गाळून वाळवलेली चिमूटभर काळपट पूड कागदाच्या पुडीत बांधून, शर्टाच्या खिशावर हात धरून, बसमध्ये कोणाचा धक्का लागू न देता गेला. सराफाने पुडी उघडली, पूड बोटांवर चोळली, चुंबक फिरवलं.

"गंज आहे," सराफ म्हणाला. "डब्याच्या पत्र्याचा."

प्रोफेसर घरी आला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. बरणी, चिमटे, हातमोजे सगळं खोक्यात भरून दाराशी ठेवलं. "मी केमिस्ट्री सोडली," त्याने जाहीर केलं. "या घरात कोणाचा विश्वासच नाही. मग यश कुठून येणार."

शनिवार चार दिवसांवर होता. वहिनीने एक बटण गॅलरीत पाण्यात ठेवून बघितलं, एक मिठात. काही झालं नाही. तिला ते अॅसिड कसं कालवतात हे माहीत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. तिने नणंदेकडे बघितलं. नणंदेने पलंगाकडे बघितलं.

बुधवारी सकाळी वहिनी एकटी बाहेर पडली. तासाभराने परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते तिने नवऱ्याच्या उशाशी ठेवलं.

त्याने कागद उलगडला. आत सायलेन्सरचा डबा होता, मागच्यापेक्षा मोठा.

"ट्रकचा आहे," वहिनी म्हणाली. "गॅरेजवाला म्हणाला, याच्यात जास्त असतं."

प्रोफेसर उठून बसला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि या बाईने त्याच्या कुठल्याही कामात एवढा रस कधी घेतला नव्हता. "तुला वाटतं निघेल?"

"तुमच्या पद्धतीनेच करा. काही बदलू नका. खिडक्या पण लावून घ्या, शेजाऱ्यांना कशाला त्रास. आणि बरणी ठेवली की लगेच आत या, चहा टाकते."

"बघ हं," तो डबा छातीशी धरून म्हणाला. "या वेळी तुला खरं प्लॅटिनम दाखवतो."

"दाखवा."

तो हातमोजे चढवून, नाकाला रुमाल बांधून गॅलरीत गेला. जाळी कुटल्याचा आवाज येऊ लागला, त्यात मधूनच शीळ. नणंदेने दोऱ्यात ओवलेल्या बटणांच्या माळा उचलल्या आणि दोघी त्याच्या पाठीमागून, त्याला धक्का न लावता, एकेक माळ दोरीवर टांगत गेल्या.