शेजारचा ठिपका

"या वेळी मैदान मीच मारणार!" प्रोफेसरांनी दाढी करताना आरशाला ठणकावून सांगितलं. वेधशाळेत विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली होती, आणि तिच्यावर नेऊन बसवील असा एक शोध त्यांच्या हाती लागला होता.

शोध असा. फार फार दूर एक क्वेसार, म्हणजे दीर्घिकेचा भलत्या तेजाचा गाभा, धुळीत बुडालेला. त्यातून वायू बाहेर उधळतो. धुळीमुळे साध्या प्रकाशात तो जेमतेम दिसतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात मात्र लख्ख! साध्या प्रकाशाची दुर्बीण प्रोफेसरांकडे, अवरक्ताची त्यांच्या बायकोकडे. दोघांची मोजमापं ताडून पाहिली की वायूचा वेग कळतो. तो निघाला प्रकाशाच्या निम्मा! एवढा वेग आजवर कुणाच्या बापानं पाहिला नव्हता.

अडचण एकच. नवरा-बायकोत अबोला होता. मागच्या व्याख्यानात प्रोफेसरांनी तिच्या कामाला 'घरची मदत' म्हटलं, तेव्हापासून. निरोप जायचे ते प्रोफेसरांच्या आईमार्फत. आईला घरात शांतता हवी होती; ब्रह्मांड गेलं खड्ड्यात!

"आई, त्यांना सांगा," बायको स्वयंपाकघरातून कडाडली, "दुर्बीण चुकीच्या ठिपक्यावर लावलीय. चमकतोय तो शेजारी, आपला नव्हे! डोळे उघडा म्हणावं!"

आई बाहेरच्या खोलीत आली. "ती म्हणते, काम छान चाललंय. डोळ्यांना जप."

प्रोफेसर फुगले. "आली ना ताळ्यावर! तिला म्हणावं, माझ्या श्रेयावर लाळ गाळू नकोस!"

आई आत गेली. "तो म्हणतो, आभारी आहे. बघतो."

असं तीनदा झालं.

मग भरल्या सभागृहात प्रोफेसरांनी पडद्यावरच्या झगमगत्या ठिपक्याकडे बोट दाखवून तो वेग जाहीर केला. टाळ्या पडणार, तेवढ्यात संचालकांनी विचारलं, "मॅडम, तुमचा क्वेसार हाच ना?"

बायको उठली. तिनं शेजारच्या मळकट ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा आहे. यांनी पाहिली ती वाटेतली एक साधी दीर्घिका. या दोन ठिपक्यांच्या वेगातला फरक यांनी वायूच्या नावावर खपवलाय."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" प्रोफेसर ओरडले. अबोला मोडला तो असा!

"तीनदा सांगितलं. तुम्ही 'आभारी आहे, बघतो' म्हणालात."

"मी? मी तर म्हणालो..." काय म्हणालो होतो ते प्रोफेसरांना चारचौघांत सांगवेना. सभागृह खदखदून हसलं, आणि खुर्ची गेली ती सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्याला.

घरी आले तर बायकोचं कपाट रिकामं. आई कोपऱ्यात बसलेली.

"कुठे गेली?"

"भावाकडे."

"काही म्हणाली?"

आईनं नजर चुकवली. "म्हणाली, येते दोन दिवसांत. तू वेळेवर जेव."

ती खरं काय म्हणाली असेल, ते प्रोफेसरांना बरोब्बर कळलं. विचारायची हिंमत झाली नाही.

"आई," ते म्हणाले, "तिला म्हणावं, माझं चुकलं."

या निरोपात आईला एक अक्षरही बदलावं लागणार नव्हतं. ती सवयीनं उठली आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली. तिथं कुणीच नव्हतं!