ऊबदार कोपरा आणि अकराशे सेहेचाळीस चिठ्ठ्या

हिवाळ्यात माणूस घरात अधिक वेळ घालवतो, आणि ज्या ठिकाणी माणूस अधिक वेळ घालवतो त्या ठिकाणात त्याला दोष दिसू लागतात, हे निरीक्षण आता वादातीत मानावयास हरकत नाही. (ते विवाहासही लागू पडते, पण तो प्रस्तुत विषय नव्हे.) उन्हाळ्यात पंख्याकडे आणि पावसाळ्यात छताकडे पाहणारा गृहस्थ थंडी पडली की भिंतीकडे पाहू लागतो. भिंतीकडे सलग चार दिवस पाहिले की घर आवरावेसे वाटते, आणि पाचव्या दिवशी ते सजवावेसे वाटते. सहाव्या दिवशी कोणी भेटायला आले तर हा विकार आपोआप बरा होतो. आमच्याकडे सहाव्या दिवशी माझी मेहुणी आली, आणि ती हिवाळाभर राहण्यासाठी आली.

मेहुणीने ‘शीतकालीन गृहसुव्यवस्था व सजावट’ या विषयाचा नऊ दिवसांचा अभ्यासक्रम टपालाने पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी एक प्रत्यक्ष घर तीस दिवसांत सुव्यवस्थित करून परीक्षकांस दाखवणे आवश्यक होते. तिची स्वतःची भाड्याची खोली इतकी लहान होती, की त्यात अव्यवस्था करण्यासदेखील जागा नव्हती. म्हणून तिने आमचे घर निवडले. आमच्या घराबद्दल इतक्या आदराने कोणी कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, “भावोजी, इतकं बिघडलेलं घर मला दुसरीकडे मिळणार नाही.”

आम्ही तिघे. माझे वडील, ज्यांना सारे नाना म्हणतात, वजनमापे निरीक्षक होते; दुकानदाराचा तराजू तपासून त्यावर शिशाचे सील ठोकणे आणि सील तुटलेले आढळल्यास दुकानदारास ठोकणे, हे त्यांनी छत्तीस वर्षे केले. माझी पत्नी रुग्णालयाच्या औषधभांडारात आहे. मी मापनयंत्रांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढली. चौथी मांजर. तिला पूर्वानुभव नाही.

अभ्यासक्रमाचा पहिला सिद्धान्त असा, की हिवाळ्यात प्रत्येक घरात एक ‘ऊबदार कोपरा’ असला पाहिजे. त्याचे घटक पुढीलप्रमाणे: तीन उशा (विषम संख्या अनिवार्य), एक लोकरी पांघरूण (अर्धवट घसरलेले, पूर्ण घसरल्यास गुण वजा), एक मंद दिवा, एक वेताची टोपली (तीत काय ठेवावे याविषयी ग्रंथ मौन बाळगतात), आणि एक जाड पुस्तक, जे उघडे पण न वाचलेले असावे. कोपरा खिडकीशी हवा, कारण छायाचित्र चांगले येते.

आमच्याकडे दक्षिणेची खिडकी एकच आहे, आणि तिच्यात नानांची खुर्ची होती.

या खुर्चीचे वर्णन अधिकृत नोंदीत ‘एक हात सैल, रंग ओळखता येत नाही’ असे आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांपासून बारा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत त्या जागी ऊन येते, आणि नाना त्यात बसतात. त्यांच्या गुडघ्यांचा दिवस नव्वद मिनिटांचा असतो; उरलेले साडेबावीस तास ते गुडघे नुसते सोबत असतात. वसंत ऋतूपर्यंत खुर्ची घरातल्या बोळात ठेवावी, अशी विनंती मेहुणीने अत्यंत गोड शब्दांत केली. नानांनी विचारले, “पोरी, ऊन आत येतं ते माणसासाठी येतं की फोटोसाठी?” मेहुणीने अभ्यासपुस्तिका पाहून सांगितले, की याविषयी स्पष्ट उल्लेख नाही. खुर्ची बोळात गेली.

कोपरा दोन दिवसांत सिद्ध झाला. तो इतका सुंदर होता, की त्यात बसण्यास मनाई करावी लागली. बसल्यास उशा चेपत, आणि चेपलेल्या उशा पूर्ववत करण्यास सरासरी सहा मिनिटे लागत. उन्हाने पांघरुणाचा रंग उडू नये म्हणून खिडकीस जाड पडदा लावण्यात आला. मी सवयीने तापमापक ठेवला. पडद्यापूर्वी दुपारी बाराचे तापमान २४.६ अंश होते, पडद्यानंतर १८.१. बोळात १५.३. ऊबदार कोपरा घोषित झाल्यापासून तो साडेसहा अंशांनी गार झाला आहे, हे मी कोष्टकासह निदर्शनास आणले. मेहुणीने उत्तर दिले, की ऊब ही दिसण्याची गोष्ट आहे, आणि तापमापक सजावटीत बसत नाही म्हणून तो मधल्या उशीमागे लपवला. त्यापुढील माझ्या नोंदी उशीच्या तापमानाच्या आहेत. अभ्यासकांनी तारतम्य बाळगावे.

दुसरा सिद्धान्त अधिक शास्त्रीय होता, आणि म्हणूनच अधिक घातक ठरला. घरातील प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी चिकटवावी. वस्तू वापरणाऱ्याने ती फाडावी. तिसाव्या दिवशी ज्या वस्तूवर चिठ्ठी शाबूत असेल, ती न लागणारी समजून घराबाहेर काढावी. या पद्धतीची मी मनापासून प्रशंसा केली. तीत मत नाही, मोह नाही, ‘असू दे, कधीतरी लागेल’ नाही. केवळ पुरावा आहे.

मेहुणीने तीन दिवस राबून अकराशे सेहेचाळीस चिठ्ठ्या लावल्या. प्रत्येकीवर क्रमांक, तारीख व तिची सही होती. चमच्यांवर स्वतंत्र, पायमोज्यांवर स्वतंत्र (उजवा व डावा), नानांच्या कवळीच्या वाटीवर एक आणि कवळीवर, बऱ्याच चर्चेनंतर, एकही नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, जी मेहुणीच्या अभ्यासक्रमात नव्हती आणि आमच्या रक्तात होती. आमच्या घरात क्रमांक, तारीख व सही असलेला कागद कोणी फाडत नाही.

मी प्रयोगशाळेत शिकलो, की चिठ्ठी फाटलेले यंत्र अविश्वसनीय. तेव्हा चिठ्ठी फाडलेल्या चमच्याने साखर घेणे मला शक्य नव्हते. ती साखर एक चमचाच आहे हे मी कोणत्या आधारावर म्हणणार? पत्नीच्या मते बाटलीवरची चिठ्ठी काढणे हा खुनाचा प्रयत्न आहे, आणि ती हा नियम मिठाच्या बरणीलाही लावते. नानांची भूमिका सर्वांत भक्कम होती. ते म्हणत, की ‘सील फाडावे’ अशी सूचना आजवर कोणत्याही प्रामाणिक खात्याने काढलेली नाही. त्याअर्थी हा सापळा आहे.

परिणामी आम्ही तीस दिवस चिठ्ठ्यांना धक्का न लावता संसार केला. ताटातली चिठ्ठी झाकली जाऊ नये म्हणून भात तिच्या भोवतीने वाढला जाई. चष्म्याच्या डाव्या काचेवर क्रमांक ३१२ असल्यामुळे मी महिनाभर वर्तमानपत्राची उजवी बाजू वाचली. (त्यामुळे माझी राजकीय मते बदलल्याचे पत्नीचे निरीक्षण आहे, नमुना एकाचाच असल्याने निष्कर्ष काढता येत नाही.) उशीची चिठ्ठी गालावर उमटे. मेहुणी हे सारे रोज पाहत होती. पण आम्ही ताटात जेवताना तिला दिसतो हे तिचे वैयक्तिक मत, आणि चिठ्ठी हा पुरावा, हे मीच तिला पहिल्या दिवशी पटवून दिले होते. शास्त्राच्या माणसाने बोलताना जपून बोलावे.

महिना संपत आला तसा मी अस्वस्थ झालो. अकराशे वस्तूंची मला काळजी नव्हती, खुर्चीची होती. नाना रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी बोळात तिच्यावर बसत, दोन स्वेटर घालून, आणि समोरच्या भिंतीकडे अशा नजरेने पाहत, जणू ती उशिराने का होईना पण उगवणार आहे. खुर्चीच्या पाठीवर क्रमांक ७०७ होता. ती एक चिठ्ठी फाटली असती तर खुर्ची वाचली असती. अठ्ठाविसाव्या दिवशी मी हळू आवाजात सुचवले, “नाना, तुम्ही रोज बसता. नियमानंच फाडा.”

“सील मी लावलेलं नाही,” नाना म्हणाले. “फाडायचा अधिकार माझा नाही.”

“मग मी फाडू?”

“तू कोण?”

प्रश्न रास्त होता. तरीही मी त्या दुपारी बोळात गेलो, चिठ्ठीचा कोपरा नखाने उचलला, आणि पाहतो तो माझाच दुसरा हात तो पुन्हा चिकटवत होता. एकतीस वर्षांची नोकरी निवृत्तीनंतरही अशी कामावर येते.

तिसाव्या दिवशी मोजणी झाली. एकूण वस्तू अकराशे सेहेचाळीस. चिठ्ठी नसलेल्या चौदा. पैकी नऊ चिठ्ठ्या न्हाणीघरातील असून पाण्याने निघाल्या होत्या. (पाणी हे ‘वापरणारा’ या व्याख्येत बसते का, यावर अर्धा तास खल होऊन बादल्यांच्या बाजूने निकाल लागला.) चार मांजरीने फाडल्या. एक आरशाची; ती मेहुणीने स्वतः काढली होती, कारण चिठ्ठी नेमकी तिच्या कपाळावर येत असे. थोडक्यात, आमचे कुटुंब आपल्या घराचा १.२२ टक्के भाग वापरते, आणि त्यातही कुटुंबाचा वाटा अत्यल्प आहे.

मेहुणीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “ताई, तुम्ही महिनाभर जगलात कशावर?” पत्नी म्हणाली, “तूच वाढत होतीस की.” पण परीक्षक दुपारी दोनला यायचे होते, टेम्पो सांगितलेला होता, आणि पद्धत ही पद्धत असते. सकाळी नऊपासून चार हमालांनी घर अंगणात आणावयास सुरुवात केली: पलंग, कपाटे, शेगडी, सातशे पुस्तके, माझा डावा पायमोजा, माझा उजवा पायमोजा. कोपऱ्यातील साहित्य मेहुणीचे स्वतःचे, सबब त्यावर चिठ्ठ्या नव्हत्या. ते आत राहिले. बारा वाजता खुर्ची आली. हमालाने ती फाटकाजवळ ठेवली, आणि अंगणात तेव्हा लख्ख ऊन होते. नाना चालत गेले, बसले, आणि त्यांनी वरचा स्वेटर काढला. महिन्यात उतरलेला हा पहिला स्वेटर होता.

टेम्पोवाल्याने आधी बाकीचे भरून घेऊ म्हणून पलंगाला हात घातला.

“तो ठेव खाली,” नाना म्हणाले. “त्यावर सील आहे.”

टेम्पोवाल्याने चिठ्ठी पाहिली, मग नानांकडे पाहिले. “आजोबा, चिठ्ठी आहे म्हणूनच न्यायचंय. बाईंनी तसं सांगितलंय.”

“एका आवारात इकडचा तिकडे केला, ते मी खपवून घेतलं. शाबूत सीलचा माल फाटकाबाहेर न्यायचा तर निरीक्षकाचा लेखी हुकूम लागतो.”

“मग निरीक्षकांना बोलवा ना.”

“बोलवायला कशाला पाहिजे?” नाना म्हणाले. “तो बसलाय इथंच. आणि तो हुकूम देत नाही.”

टेम्पोवाल्याने मेहुणीकडे पाहिले. मेहुणीने नानांच्या मोकळ्या गळ्याकडे, मग त्या स्वेटरकडे पाहिले, आणि ती अभ्यासपुस्तिकेत काहीतरी शोधू लागली. ते तिला बराच वेळ सापडले नाही. टेम्पोवाला म्हणाला, की त्याच्या चुलत्याचा काटा असाच एकदा जप्त झाला होता आणि नऊ वर्षे सुटला नाही. तेव्हा सीलच्या भानगडीत तो पडणार नाही. तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. हमाल चहा पिऊन गेले.

परीक्षकबाई बरोबर दोनला आल्या. त्यांनी घर पाहिले. घरात एक ऊबदार कोपरा, एक आरसा, काही बादल्या, मांजरीने वाचवलेल्या चार वस्तू आणि मांजर होती. इतकी सुव्यवस्था आपण सेवाकाळात पाहिली नाही, असे म्हणून त्यांनी शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन गुण उशीमागे तापमापक सापडल्याबद्दल गेले. मग त्या चहासाठी अंगणात आल्या, बोचक्यावर बसल्या, आणि साडेचारपर्यंत उठल्या नाहीत. आपल्याही घरी उत्कृष्ट ऊबदार कोपरा आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणून तर थंडीत आपण फिरतीची कामे मागून घेतो.

त्याला आता पाच आठवडे झाले. आम्ही अंगणात राहतो. ऊन सकाळी साडेआठ ते सायंकाळी सव्वापाच असते, म्हणजे नानांच्या गुडघ्यांचा दिवस जवळपास सहा पट वाढला आहे. झोपण्यापुरते गाद्या घेऊन आम्ही आत जातो, पाय पुसून, पाहुण्यासारखे, कोपऱ्याकडे न बघता. मेहुणी प्रमाणपत्राची वाट पाहत राहिली, आणि आता तीही टोपली घेऊन नानांशेजारी बसते. (टोपलीत शेंगा ठेवायच्या असतात, असे आढळून आले.) प्रमाणपत्र गेल्या सोमवारी आले. ते लाखेचे सील असलेल्या लिफाफ्यात आहे, त्यामुळे कोणी फोडलेले नाही.

वाचकांस या सर्वांचे हसू आले असेल, तर ते स्वाभाविक आहे. हसून झाल्यावर त्यांनी एक लहानसा प्रयोग करावा. आपल्या टीव्हीचा रिमोट हातात घ्यावा. त्याचे प्लॅस्टिक, ज्यातून तो आला आणि ज्यातून आपण गेली सहा वर्षे बटणे दाबत आहात, अजून जागेवर आहे का ते पाहावे. मग गादीकडे पाहावे. मग काचेच्या कपाटातल्या त्या सहा कपांकडे, जे चांगल्या पाहुण्यांसाठी आहेत.

टेम्पोवाल्याचा दूरध्वनी क्रमांक आमच्याकडे आहे. निरीक्षक मात्र आमच्याकडे एकच आहेत, आणि ते उन्हातून उठत नाहीत.